टक्के नकोत, तास सांग

तुझी मेल वाचली. पेरोव्स्काइटचा एक सौर सेल 22 टक्के कार्यक्षमतेवर गेलाय, बाकीचे 18-19 वर अडलेत, आणि गाईड म्हणतायत त्या एकावर पेपर लिहून टाक. अगं, तो 22 चा सेल किती तास चालला? अख्ख्या मेलमध्ये तेवढंच नाहीये!

रिव्हर्स स्कॅनला (व्होल्टेज उतरवत मोजताना) 22 आणि फॉरवर्डला (चढवत) 19 येत असेल, तर आत आयोडाइडचे आयन सरकतायत आणि तुझा आकडा स्कॅनच्या वेगावर नाचतोय. सेल मॅक्सिमम पॉवर पॉइंटला, म्हणजे सगळ्यात जास्त वीज मिळते त्या व्होल्टेजला, धरून ठेव. दिवा चालू, 65 अंश तापमान. मग जे उरेल ते तुझं. ड्रॉवरमध्ये अंधारात महिनाभर राहिला, याला टिकणं म्हणत नाहीत.

2009 मध्ये जपानच्या मियासाकांच्या गटाने पेरोव्स्काइटचे 3.8 टक्के दाखवले, तेव्हा द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये थरच विरघळायचा. आज लॅबमधले छोटे सेल 26 च्या वर गेलेत. टक्क्यांमागे धावणारे भरपूर आहेत, तुझी तिथे गरज नाही. पण छपरावरचं सिलिकॉन पॅनेल पंचवीस वर्षांची हमी देतं. 85 अंश, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास ही चाचणी ते पार करतं. तू त्याच्याशी स्पर्धा करणार आहेस, शेजारच्या लॅबशी नाही.

आणि मुंबईत जुलैमध्ये काम करतेस, तर डोळे उघडे ठेव. ग्लोव्हबॉक्सच्या कोरड्या बंद पेटीतून सिम्युलेटरपर्यंत, त्या नकली सूर्याच्या दिव्यापर्यंत, नेतानाही फिल्मला हवा लागते. स्पायरोमधलं, म्हणजे वरच्या विद्युतभार वाहून नेणाऱ्या थरातलं, लिथियमचं मीठ पाणी ओढतं, काळी फिल्म कडेकडेने पिवळी पडायला लागते. पेरोव्स्काइटमधलं मिथाइलअमोनियम तर 85 अंशांना नायट्रोजनमध्येसुद्धा निसटतं. त्याच्याऐवजी फॉर्मामिडिनियम-सीझियमकडे वळ, वरून पॅसिव्हेशन कर (पृष्ठभागावरचे दोष झाक), कडा ब्युटाइल रबराने सील कर. हे तुला ठाऊक आहेच. मग करत का नाहीस? त्याने अर्धा टक्का गेला तर जाऊ दे, तास वाढतील.

माझे पेपर कमी आहेत, बढती रखडली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. ग्राफ कोसळतोय तोवर पाठवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तोवर दुसऱ्यांचं छापून यायचं. वाईट वाटलं, अजून वाटतं. हट्टी म्हणतात. म्हणू देत. माझ्या मुलांनी बनवलेल्या सेलचा आकडा दुसऱ्या लॅबमध्ये मोजला तरी तोच येतो.

सोमवारी एकाच बॅचचे आठ सेल लाव, निवडून नकोत, मधलेच घे. मोजणाऱ्या सोर्समीटरला यूपीएस आहे ना? रात्री लाईट गेली की डेटा तुटतो. ग्राफ पाठव. तास आडव्या अक्षावर.