कार्ट्रिजमधल्या दुसऱ्या मेंदूविषयी : कोप्रोसेसर फर्मवेअरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम-कन्सोलचे बहुतेक गेम एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर) नीट चालतात, पण 'सुपर मारिओ कार्ट' सुरू करताच फर्मवेअरची फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. गेमची फाइल खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. या कार्ट्रिजमध्ये गेमच्या रॉमखेरीज (गेम साठवलेल्या मेमरीखेरीज) डीएसपी-१ नावाची वेगळी सहायक चिप, म्हणजे कोप्रोसेसर, होती. कन्सोलच्या मुख्य प्रोसेसरला फिरत्या रस्त्याचे त्रिमितीय गणित पुरेशा वेगाने जमत नसे, म्हणून ते काम या चिपकडे सोपवलेले होते. ही चिप म्हणजे एनईसी या कंपनीचा एक सर्वसाधारण सिग्नल प्रोसेसर असून, तिचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, चिपच्या आतच कायमचा कोरलेला असतो. कार्ट्रिजमधून गेमचा रॉम वाचून घेतला, तरी हा आतला प्रोग्राम त्यात येत नाही, आणि एम्युलेटर जी फाइल मागतो ती हीच. एकेकाळी ती मिळवण्यासाठी चिपचे आवरण आम्लाने विरघळवून आतले बिट सूक्ष्मदर्शकाखाली वाचावे लागले. ज्यांनी ते चिकाटीचे काम केले, त्यांच्यामुळेच हे प्रोग्राम आज जतन झाले आहेत.

प्रश्न : काही एम्युलेटर अशी फाइल न मागताच हा गेम चालवतात. मग ती खरोखर लागते का?

उत्तर : ते एम्युलेटर चिपचा प्रोग्राम चालवत नाहीत, चिपला कोणती आज्ञा दिली की कोणते उत्तर येते, याचा अभ्यास करून लिहिलेली नक्कल वापरतात. नुसते खेळण्यासाठी ती बहुतेक वेळा पुरते. मात्र तिच्यात उत्तर क्षणात तयार होते, खऱ्या चिपला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो, आणि अभ्यासातून जे निसटले ते नकलेतही नसते. गेम जसा होता तसाच राहावा असे वाटत असेल, तर मूळ फर्मवेअरला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : डीएसपी-१ आणि डीएसपी-१बी यांत फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि त्याचे उदाहरण ही चिप वापरणाऱ्या 'पायलटविंग्ज' या विमान उडवण्याच्या गेममध्येच आहे. १बी या आवृत्तीत गणितातली एक चूक सुधारलेली आहे, परंतु या गेमच्या सुरुवातीचे प्रात्यक्षिक जुन्या चिपवर नोंदवलेल्या बटणांच्या हालचालींवर चालते. सुधारलेल्या चिपवर उत्तरे किंचित बदलतात, त्यामुळे त्याच हालचालींनी विमान नीट उतरण्याऐवजी कोसळते. अधिक अचूक चिप इथे मूळ दृश्य बिघडवते. म्हणून 'पायलटविंग्ज'साठी जुनीच आवृत्ती निवडावी.

प्रश्न : सुपर एफएक्स आणि एसए-१ या इतर सहायक चिपांच्या फर्मवेअर फाइली कुठेच का मिळत नाहीत?

उत्तर : कारण तशा फाइली नाहीतच. या दोन्ही चिपा आपला प्रोग्राम गेमच्या रॉममधूनच घेतात.

प्रश्न : मिळालेली फाइल योग्य आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी आकार पाहावा. डीएसपी-१मध्ये २४ बिटांचे २,०४८ प्रोग्रामशब्द, म्हणजे ६,१४४ बाइट, आणि १६ बिटांचे १,०२४ डेटाशब्द, म्हणजे २,०४८ बाइट असतात. दोन्ही मिळून ८,१९२ बाइट होतात. 'मेगा मॅन एक्स२'मधल्या सीएक्स४ चिपची डेटा फाइल अवघी ३,०७२ बाइटांची असते. काही एम्युलेटर हे फर्मवेअर गेमच्या फाइलीच्या शेवटी जोडलेलेही स्वीकारतात. तेव्हा ५,२४,२८८ बाइटांचा 'सुपर मारिओ कार्ट' ५,३२,४८० बाइटांचा दिसतो, आणि तो वाढीव आकार पाहून फाइल बिघडली असे समजू नये. मात्र वाढ नेमकी ५१२ बाइटांची असेल, तर ते फर्मवेअर नसून कार्ट्रिजची प्रत काढणाऱ्या जुन्या कॉपी-यंत्रांनी फाइलीच्या सुरुवातीला जोडलेला माहितीचा तुकडा (हेडर) असण्याची शक्यता अधिक असते. आकार जुळला तरी आतला एखादा बाइट चुकीचा असू शकतो, म्हणून शेवटी एम्युलेटरने दिलेल्या चेकसमशी (फाइलीतल्या बाइटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) फाइल ताडून पाहावी.