सांगलीत समुद्र कुठे आहे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलीचे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील 412 गुण त्यात चार ठिकाणी आले आहेत. उपग्रहांच्या मदतीने समुद्रातील प्लास्टिकवर लक्ष ठेवण्याचे काम शिकायचे आहे, हे तिचे म्हणणे मात्र एकदाच आले आहे, तेही ‘खूळ’ म्हणून. तिने वर्षभर थांबून पुन्हा ‘नीट’ द्यावी यासाठी तुम्ही तिचा मोबाइल काढून घेतला आहे, आणि ‘सांगलीत समुद्र कुठे आहे, हे तुम्हीच तिला समजावून सांगा’ अशी विनंती केली आहे. ही विनंती मला मान्य करता येत नाही. मला काळजी वाटते ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या ओळीची: ती हल्ली जेवताना कोणाशी बोलत नाही. डॉक्टर व्हायचे नाही असे स्पष्ट सांगणाऱ्या मुलीला आणखी वर्षभर त्याच पुस्तकांपुढे बसवणे हा अन्याय आहे, आणि पुढच्या वेळी गुण वाढले तरी तो अन्यायच राहील.

आठवीत असताना, 2021 च्या पुराचे पाणी ओसरल्यावर, तिने घाटाजवळच्या झाडांना अडकलेल्या पिशव्या मोजल्या आणि कोणत्या फांदीवर किती, हे आलेखाच्या वहीत चौकोनाचौकोनाने नोंदवले. अभ्यास टाळण्याचा नमुना म्हणून तुम्ही हे लिहिले आहे. मला ती निरीक्षणाची शिस्त वाटते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून बंगालच्या उपसागराला मिळते, त्यामुळे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून गेलेली पिशवी वाटेत कुठे अडकली नाही, तर समुद्रातच जाते.

तिचा एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. उपग्रह समुद्रावरची बाटली न् बाटली टिपतो, असे तिला वाटते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन 10 मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्यात सुटी बाटली दिसत नाही. प्रवाह आणि वारा यांमुळे कचरा एकत्र येऊन पाण्यावर त्याचे लांबच लांब पट्टे तयार होतात, ते कळू शकतात, कारण पाणी निकट-अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, किरणे शोषून घेते आणि तरंगते प्लास्टिक त्यांतील बराच भाग परत पाठवते. परंतु तरंगते शेवाळ, ओंडके आणि लाटांचा फेसही तसाच भास निर्माण करतात, आणि पृष्ठभागाखाली गेलेले प्लास्टिक या चित्रांत येतच नाही. ग्रीसमधील लेस्बॉस बेटाजवळ संशोधकांनी प्लास्टिकचे मोठे तरंगते चौकोन मुद्दाम समुद्रात सोडले आणि उपग्रहाच्या चित्रांत ते कसे दिसतात हे पडताळून पाहिले. या क्षेत्रातील बरेचसे काम अशा पडताळणीचे, चिकाटीचे आणि गणिताचे आहे, हे तिला आजच कळलेले बरे.

भौतिकशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे सुदूर संवेदनाकडे, म्हणजे उपग्रहांच्या चित्रांवरून पृथ्वीचा अभ्यास करण्याच्या विषयाकडे, वळता येते. त्या विषयाच्या शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. केवळ ‘समुद्री प्लास्टिक’ या नावाच्या पदवीच्या मागे तिने लागू नये. बारावीला गणित घेतले होते की नाही, हे तुम्ही कळवलेले नाही, आणि पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

मोबाइल तिला परत द्या. सेंटिनेलची चित्रे विनामूल्य मिळतात, आणि पूर ओसरल्यानंतरची सांगलीची चित्रे तिला आपल्या वहीतील नोंदींशेजारी ठेवून पाहता येतील. यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे, आणि भेटायला येताना ती वही घेऊन यावे.