पंख्याच्या बॉक्सवरील आरपीएम, सीएमएम आणि सर्व्हिस व्हॅल्यू यांपैकी नेमके काय पाहावे?

परभणीत बारा बाय बाराच्या खोलीसाठी छताचा पंखा घेताना बॉक्सवरील कोणत्या आकड्याला महत्त्व द्यावे आणि दुकानदार सांगतो तसा सर्वांत जास्त आरपीएमचाच पंखा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. पंखे दुरुस्तीचे काम करताना मला जे कळले त्यावरून सांगतो, की आरपीएम सर्वांत शेवटी पाहावे; नाही पाहिले तरी चालते.

आरपीएम म्हणजे पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे. पात्यांची रुंदी आणि तिरपेपणा सारखा असेल तरच दोन पंख्यांची तुलना या आकड्यावरून करता येते. अरुंद, सपाट पात्यांचा पंखा 400 फेरे मारूनही आवाजच जास्त करतो, तर नीट वळण दिलेल्या पात्यांचा पंखा 340 फेऱ्यांत त्याच्याहून अधिक हवा देऊ शकतो. खाली किती हवा येते हे सीएमएम सांगते, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली जाते. स्वीप हा पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास. आपल्या खोलीला 1200 मिलिमीटरचा, म्हणजे 48 इंची पंखा योग्य ठरेल आणि त्याचे सीएमएम 210 पेक्षा कमी नसावे.

सर्व्हिस व्हॅल्यू म्हणजे सीएमएमला वॅटने भागून येणारा आकडा, आणि पंख्यावरील वीजबचतीचे तारे त्यावरूनच ठरतात. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकन बंधनकारक आहे. 2023 च्या त्या नियमानुसार 1200 मिलिमीटरच्या पंख्याला एका ताऱ्यासाठी किमान 4 आणि पाच ताऱ्यांसाठी किमान 6 सर्व्हिस व्हॅल्यू ठरवली होती. 225 सीएमएम देणारा जुना 75 वॅटचा पंखा या हिशेबात 3 वरच थांबतो, तर तेवढीच हवा 32 वॅटमध्ये देणारा बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटरचा पंखा, 7 च्या पुढे जातो.

मात्र बचतीचा हिशेब दुकानात नेहमी 75 वॅटच्या जुन्या पंख्याशी तुलना करून सांगितला जातो, तेथे सावध राहावे. रोज पंधरा तास वापर धरला तर 75 ऐवजी 30 वॅटच्या बीएलडीसी पंख्याने महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात. परंतु आपण नवा पंखा घेणार आहात आणि एक ताऱ्याचा साधा नवा पंखाही 50 वॅटच्या आसपासच असतो. त्याच्या तुलनेत बचत सुमारे 9 युनिटच होते. साध्या आणि बीएलडीसी पंख्याच्या किमतीतील फरक या 9 युनिटांच्या दराने किती महिन्यांत वसूल होतो ते आपल्या वीजबिलावरून काढून पाहावे.

तरीही मराठवाड्यात बीएलडीसीची शिफारस मी करतो, ती व्होल्टेजमुळे. उन्हाळ्यात सायंकाळी, विशेषतः गावाकडच्या फीडरवर (वीजवाहिनीवर), व्होल्टेज खाली येते आणि साधा पंखा ऐन गरजेच्या वेळी मंदावतो, कारण त्यातील इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. बीएलडीसीचे सर्किट बऱ्याच मोठ्या चढउतारातही वेग राखते, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर हा पंखा जास्त वेळ चालतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: वळवाच्या पावसात तारा तुटून न्यूट्रल गेला आणि घरात जादा व्होल्टेज आले, तर जळते ते सर्किटच. साध्या पंख्याचा कंडेन्सर, बेअरिंग किंवा रिवाइंडिंग कोणत्याही तालुक्याच्या गावी होते. बीएलडीसीच्या सर्किटासाठी बहुधा कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे लागते. म्हणून ते केंद्र परभणीतच आहे का, हे खरेदीआधी विचारून घ्यावे. शिवाय बहुतेक बीएलडीसी पंखे भिंतीवरील रेग्युलेटरवर चालत नाहीत. तो काढून वायर थेट जोडून घ्यावी लागते आणि वेग रिमोटने बदलावा लागतो.

छत पत्र्याचे असेल, तर कोणताही पंखा मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालची तापलेली हवाच खाली आणेल. तेथे पैसे आधी फॉल्स सीलिंगवर खर्च करावेत. माळवदाच्या बुटक्या घरात आखूड रॉड वापरावा, पण पाती जमिनीपासून किमान आठ फूट आणि छतापासून सुमारे एक फूट दूर राहतील हे पाहावे. आठ फूट मिळत नसतील, तर भिंतीवरचा पंखा घ्यावा.