“नाटकाच्या क्लासला घातलं तर धीट होईल ना?”

मुलांच्या समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. त्या दिवशी विचारणाऱ्या आईशेजारी तिचा १४ वर्षांचा मुलगा बसला होता, नजर बुटांच्या नाड्यांवर. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायचा नाही, फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात द्यायचा, कुणाच्या वाढदिवसाला जायचं म्हटलं की पोट दुखायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

“घाला की,” म्हणून मी मोकळी झाले. चूक माझी. तिथे नेमकं काय करून घेतात, हे मी विचारलंच नाही. तो क्लास वार्षिक प्रयोगाची तालीम करून घेणारा निघाला. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्याच्याकडून एकच वाक्य पाच वेळा म्हणवून घेतलं, “आवाज काढ, आवाज!” चौथ्या आठवड्यात त्याने जायचं बंद केलं. माझ्याकडे यायलाही टाळू लागला.

बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, “वाक्य पाठ होतं. पण बोलताना माझाच आवाज कसा येतोय ते ऐकत राहिलो.”

दुखणं नेमकं इथेच होतं. चारचौघांची धास्ती घेणाऱ्याचं लक्ष स्वतःवरच खिळलेलं असतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हेच आहे: आत वळलेलं लक्ष भीती टिकवून धरतं. अशा मुलाला मधोमध उभं केलं, तर ते लक्ष आणखीच आत वळणार.

उत्स्फूर्त नाट्याचे, म्हणजे संहितेशिवाय तिथल्या तिथे सुचेल ते करायचे खेळ उलट्या बाजूने जातात. शिकागोत मुलांबरोबर काम करताना नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी हे नाट्यखेळ घडवले. प्रत्येक खेळात सगळ्यांचं लक्ष बांधून ठेवणारी एक गोष्ट असते. नसलेल्या दोराची रस्सीखेच घ्या. दोर खरा वाटायचा तर पलीकडचा किती जोर लावतोय ते पाहावंच लागतं. आपला चेहरा कसा दिसतोय याचा विचार करायला सवडच उरत नाही.

दुसऱ्या खेपेला असे खेळ घेणारा क्लास निवडला आणि मी आधी तिथल्या शिक्षिकेशी बोलले. गट लहान, प्रेक्षक नाहीत, बसून नुसतं पाहायची मुभा. ‘हो, आणि...’ या नियमाबद्दल मुद्दाम विचारलं. समोरच्याने मांडलेली कल्पना स्वीकारून पुढे न्यायची, असा तो नियम. पण तो खेळातल्या जगापुरता. अंगाला हात लावू नको म्हणणाऱ्याचा नकार तिथेही नकारच असतो. मुळात कुणाला नकार देता न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी याबद्दल फार काटेकोर असते.

दोन आठवडे तो बसून होता. तिसऱ्यात दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा राहिला. मग एकेकाने एकेक शब्द जोडत गोष्ट रचायचा खेळ झाला. गोष्ट सुसाट निघालेली असताना याच्या वाट्याला आलेला शब्द त्याने “पण” असा टाकला, आणि सगळे खळखळून हसले. हा किस्सा त्याने मला तीनदा सांगितला.

नुसत्या क्लासवर मी विसंबले नाही. मुलगा शाळाच टाळत असेल, धडधडीने झोप उडत असेल, तर उपचार आधी. याच्यासोबत फोन उचलण्यापासून लहान लहान पायऱ्या आम्ही चालूच ठेवल्या होत्या. आईला एवढंच सांगितलं, की घरी आल्यावर “काय शिकलास, करून दाखव” म्हणू नका. तिला ते जड गेलं.

वर्षअखेरीस प्रयोग ठरला. याने भूमिका घेतली नाही, पडद्यामागे दिव्यांजवळ थांबला. आईचा चेहरा उतरला. “म्हणजे धीट नाहीच झाला?”

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “नको म्हणून टीचरना मीच सांगितलं. सगळ्यांसमोर.”