उत्तर वाचताना कळतं, पेपरात सुचत नाही

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सगळ्या रिअॅक्शन्स वहीत उतरवून पाठ केल्यात. सोडवलेली उदाहरणं वाचताना सगळं पटतं, पण नवा प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. बायोकेमिस्ट्रीत तर पाठांतरही पुरत नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझी मेहनत कमी पडत नाहीये, ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. सोडवलेलं उत्तर वाचताना पुढची पायरी कोणती, हा निर्णय लेखकाने आधीच घेतलेला असतो. परीक्षेत नेमका तोच तुला घ्यायचा असतो आणि त्याचा सराव तू केलेलाच नाहीस. म्हणून आजपासून उत्तराची फक्त पहिली ओळ बघायची, बाकीचं झाकायचं आणि पुढची पायरी स्वतः काढायची. चुकली तरी चालेल, पण कागदावर उतरली पाहिजे.

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे : कार्बन मोज आणि कोणता बंध नवा, कोणता तुटला ते शोध. रिअॅक्शनचं नाव नंतर. दोन कार्बनच्या अॅसिटाल्डिहाइडमध्ये सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घातलं आणि चार कार्बनचा पदार्थ मिळाला, असं समज. दोनाचे चार झाले, म्हणजे दोन रेणू जोडले गेले आणि कार्बन-कार्बन बंध नवा आहे. आता विचार, इलेक्ट्रॉन देणारा कोण आणि घेणारा कोण? कार्बोनिलचा, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला, कार्बन इलेक्ट्रॉनला भुकेला, तो घेणारा. देणारा शेजारचा कार्बन. हायड्रॉक्साइडने त्याचा हायड्रोजन काढून घेतला की तो ऋणभारित होतो. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे आपण बाणाने दाखवतो. हा बाण नेहमी इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो आणि इलेक्ट्रॉन कमी असलेल्या अणूकडे जातो. उलटा काढलेला बाण मुलांच्या वह्यांत मला सतत दिसतो आणि तिथेच सगळं गणित फिसकटतं. बाण सरळ पडले की ३-हायड्रॉक्सिब्यूटॅनल आपोआप हाती येतं. पाठ काहीच केलेलं नाही!

आता हेच उलट दिशेने चालव. ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे पेशीत ग्लुकोज तोडलं जातं त्या प्रक्रियेत, अल्डोलेज हे एन्झाइम सहा कार्बनच्या फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. बंध तिसऱ्या आणि चौथ्या कार्बनमधलाच का तुटतो? दुसऱ्यावर कार्बोनिल आहे आणि चौथ्यावर हायड्रॉक्सिल. आत्ताच बनवलेल्या रेणूचीच ही ठेवण. आपल्या स्नायूंतल्या एन्झाइममध्ये लायसिन हे अमिनो आम्ल त्या कार्बोनिलशी जोडलं जातं आणि सुटणारे इलेक्ट्रॉन सामावून घ्यायला जागा करून देतं. बायोकेमिस्ट्री वेगळी वाटते ती रेणू मोठे असतात म्हणून. बाणांचा नियम तोच.

अमिनो आम्लांच्या प्रश्नांत मात्र आधी सूत्राकडे धावू नकोस. ग्लुटामिक अॅसिडचे पीकेए (ज्या पीएचला एखादा गट निम्म्या रेणूंत आपला प्रोटॉन सोडतो, ते आकडे) साधारण २.२, ४.३ आणि ९.७. समविद्युत बिंदू, म्हणजे रेणूवरचा एकूण भार शून्य होतो तो पीएच, विचारला की पुष्कळ जण तिन्हींची सरासरी काढतात. त्याऐवजी अगदी कमी पीएचपासून रेणूवरचा एकूण भार लिहीत जा : +१, मग ०, मग –१, मग –२. शून्य भाराच्या दोन्ही बाजूंचे पीकेए २.२ आणि ४.३, त्यांची सरासरी सुमारे ३.२. भारांची ही एक ओळ लिहिली की कोणते दोन आकडे घ्यायचे, हा प्रश्नच उरत नाही.

'अमुक पदार्थ कसा बनवाल' असं विचारलं तर शेवटच्या रेणूपासून मागे ये : कोणता बंध तोडला तर साधे तुकडे मिळतील? या उलट्या विचाराला पद्धतीचं रूप देणाऱ्या ई. जे. कोरी यांना १९९० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वही फेकू नकोस, फक्त मांडणी बदल. प्रकरणांप्रमाणे न लिहिता कोण देतो, कोण घेतो, याप्रमाणे लाव. पानं बरीच कमी होतील.

आता एक तू कर. चार कार्बनचं ऑक्झॅलोअॅसिटेट आणि अॅसिटाइल सीओएचे दोन कार्बन मिळून सहा कार्बनचं सायट्रेट होतं. देणारा कार्बन कोणता, घेणारा कोणता? पुस्तक न उघडता बाण काढ आणि तो कागद माझ्याकडे पाठव. मी तपासून देईन.