गृहीत धरलेले आणि गृहीतक

प्रश्न असा आला आहे: रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात 'निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष' ही साखळी असते. एखादी गोष्ट गृहीतच धरली, तर ती प्रयोगाने तपासायची कशाला?

शंका रास्त आहे. घोळ शब्दानेच घातला आहे. 'गृहीतक' आपल्याला भूमितीतही भेटते. युक्लिडची गृहीतके सिद्ध करायची नसतात. ती मान्य करूनच पुढचा डोलारा उभा राहतो. रसायनशास्त्रात मात्र तोच शब्द हायपॉथिसिससाठी आला आणि हायपॉथिसिस मांडायचे ते मुळी तपासण्यासाठी. एकाच शब्दावर दोन उलटी कामे!

मी अशा वेळी क्रियापद बघतो. गृहीत 'धरतात', गृहीतक 'मांडतात'. धरलेल्या गोष्टीकडे कोणी वळून बघत नाही (घरातल्या माणसांचेही तेच होते). मांडलेले टिकते, सुधारते किंवा कोसळते.

पदार्थ जळताना त्यातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे द्रव्य बाहेर पडते, असे अठराव्या शतकात मानत. मग वजन घटायला हवे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने बंद भांड्यात कथील तापवले, तर भांड्यासकट वजन होते तेवढेच. भांडे उघडल्यावर हवा आत शिरली आणि वजन वाढले. म्हणजे कथलाने हवेतलेच काहीतरी घेतले होते. धातू जळून वजन वाढते म्हणजे फ्लॉजिस्टनचे वजनच ऋण असणार, अशीही सारवासारव काहींनी केली. गृहीतक 'धरून' बसले की असे होते.

उलट उदाहरण इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोचे. समान तापमान व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे त्याने १८११ मध्ये मांडले. ते जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडले. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूए येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्याचा पुरस्कार केला, तेव्हा कुठे अणुभारांचा गुंता सुटू लागला. आज त्याला ॲव्होगॅड्रोचा 'नियम' म्हणतात.

हायपॉथिसिससाठी पर्यायी शब्द आहेत. 'परिकल्पना' सुटसुटीत आहे, फक्त त्यातली 'कल्पना' जरा हवेत तरंगते. 'अभ्युपगम' उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थाने मला तोच सर्वांत नेमका वाटतो. न्यायसूत्रांत (भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात) अभ्युपगम-सिद्धांत म्हणजे न तपासलेली गोष्ट तूर्त मान्य करून तिच्या विशेषांची परीक्षा करणे. 'तूर्त' हा शब्द माझा; 'गृहीतक'मध्ये नेमका तोच ऐकू येत नाही.