‘देवानेच सांगितलं होतं’ म्हणून टाकलेलं पाऊल फसतं तेव्हा

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून एक प्रश्न नेहमी येतो. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणी परीक्षेत नापास झालेलं असतं, कुणाला सेवाकार्य अर्ध्यावर सोडून घरी परतावं लागलेलं असतं. प्रश्न मात्र तोच: "मी प्रार्थना करून, बायबलमधून वचन मिळाल्यावरच हे पाऊल टाकलं होतं. तरी असं का झालं? देव बोललाच नव्हता की मलाच ऐकू आलं नाही? आणि मला ऐकू येत नसेल तर पुढचं काहीही कशाच्या भरवशावर ठरवायचं?"

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

वय चाळिशीच्या आसपास. बरी चाललेली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. प्रभूने दार उघडलंय, अशी साक्ष मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, उभं राहून दिली, आणि त्या साक्षीवर विसंबून मंडळीतल्या काही कुटुंबांनी त्यांना पैसे उसने दिले. व्यवसाय बुडाला. बुडतोय हे मात्र त्यांनी बरेच महिने कुणाला कळू दिलं नाही, पत्नीलाही नाही. नवं कर्ज काढून घरखर्चाचे पैसे वेळच्या वेळी देत राहिले. शेवटी बँकेची नोटीस पत्नीच्या हाती पडली. माझ्याकडे आले तेव्हा रविवारची उपासना बंद होती. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणं तर त्याच्याही आधीच थांबलं होतं.

सुरुवातीला मी पवित्र शास्त्र उघडलंच नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, दिवसभर काय करता, एवढंच विचारत राहिले. पहाटे खूप लवकर जाग येत होती आणि मग आढ्याकडे बघत पडून राहणं. वजन उतरलं होतं. मी सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" बराच वेळ गेला. "स्वतःहून काही करणार नाही ताई. पण सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं, असं वाटतं."

असं उत्तर मी कधीच हलक्यावर घेत नाही. त्याच दिवशी, त्यांच्या संमतीने, पत्नीला बोलावून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरवली. औषध सुरू झालं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा विश्वास तेवढाही उरला नाही." तेव्हा मात्र मी त्यांना एलियाची आठवण करून दिली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात, पहिले राजे 19 मध्ये, झुडुपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देव त्याला काय देतो? झोप. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न फार नंतर येतो, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर. खचलेल्या माणसाला आधी उपदेश पाजायचा आणि मग जेवलास का विचारायचं, ही उलटी पद्धत आपल्या मंडळ्यांतून जाईल तेव्हा माझं निम्मं काम कमी होईल.

झोप थोडी सुधारल्यावर ते एक वही घेऊन आले. व्यवसाय सुरू करण्याआधीच्या महिन्यांतली. पानोपानी तारखा, वचनं, त्यांच्याभोवती लाल पेनाने केलेले गोल. कुठे एखाद्या प्रवचनातलं वाक्य, कुठे कुणाला पडलेलं स्वप्न. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 तीन वेगवेगळ्या पानांवर उतरवलेलं, तेच ते, देवाच्या मनातल्या हिताच्या संकल्पांविषयीचं वचन, जे आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर असतं. वही माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "आता तुम्हीच सांगा. यातलं खोटं काय होतं?"

आम्ही तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला. ते वचन एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून ते पाठवलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र लिहितो, सत्तर वर्षं. तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मग येतं हिताच्या संकल्पांचं वचन. पत्र ऐकणाऱ्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरी वचन त्यांच्यासाठीच होतं.

ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी हे वचन वाचलं, पण हनन्याच्या आवाजात."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. आमच्या बोलण्याला वळण मिळालं ते इथे. त्यांचा देवावर भरवसा होताच; पण त्याहून जास्त भरवसा होता तो देव पुढे काय करणार याच्या स्वतः मांडलेल्या हिशोबावर. हिशोब चुकला तेव्हा त्यांना वाटलं, देवच चुकला, किंवा देवाने आपल्याला टाकलं. वही खोटी नव्हती. वचनं खरी होती. त्यांच्यामधून ओढलेली रेघ, ‘म्हणजे हा धंदा चालणारच’, ही तेवढी त्यांची स्वतःची होती. अशी रेघ ओढणं हे काही मोठं पाप नव्हे. उत्साहात सगळेच ओढतात.

पाप होतं, पण ते दुसरीकडे. धंद्यातलं अपयश आणि लपवाछपवी या दोन गोष्टींची त्यांनी एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली होती, आणि त्या ओझ्याला नाव दिलं होतं ‘मी नालायक आहे’. मी त्यांना कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे, जे हातून निसटलं ते: मागणी घटली, एका मोठ्या ग्राहकाने पैसे थकवले, भांडवल अपुरं पडलं, अनुभव नव्हता. उजवीकडे, जे जाणूनबुजून केलं ते: पत्नीशी खोटं बोललो, धंदा डबघाईला आल्यावरही एका कुटुंबाकडून ‘प्रभू मार्ग काढतोय’ म्हणत आणखी पैसे घेतले. हे शेवटचं लिहिताना पेन थांबलं. ते खोडायला निघाले, मग राहू दिलं.

डाव्या बाजूसाठी क्षमा मागायची नसते. तिथे दुःख करायचं असतं आणि शिकायचं असतं. क्षमा हवी होती उजव्या बाजूसाठी, आणि ती ‘मी नालायक आहे’ अशा मोघम विलापाने मिळत नाही. प्रेषित पौल दुसऱ्या करिंथकर पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारचं दुःख सांगतो: एक माणसाला पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. माझ्या कामात हा फरक ओळखायची एक साधी खूण मला सापडली आहे. पहिलं दुःख माणसाला कुणाच्या तरी दाराशी घेऊन जातं. दुसरं त्याला खोलीचं दार लावून घ्यायला लावतं. हे गृहस्थ कितीतरी महिने दार लावून बसले होते आणि त्यालाच पश्चात्ताप समजत होते.

पत्नीशी बोलणं माझ्यासमोर झालं. ती रडली नाही. म्हणाली, "पैसे गेल्याचं मला एवढं नाही. रोज रात्री आपण हातात हात घेऊन प्रार्थना करत होतो आणि तेव्हाही तुम्ही खोटं बोलत होता." यावर त्यांनी खुलासा द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी हाताने थांबवलं. त्या वाक्याला उत्तर नव्हतं, फक्त ‘हो’ होतं. त्यांनी ते म्हटलं.

पत्नीने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षा मी ठेवली नाही, त्यांनाही ठेवू दिली नाही. ‘प्रभूने क्षमा केली, आता तूही कर’ हे वाक्य मंडळीतल्या एक-दोघांनी तिला ऐकवलं होतं. क्षमा करायची असं ती ठरवू शकते. विश्वास मात्र परत कमवावा लागतो, आणि तो कमवायचं काम ज्याने मोडला त्याचं. ठरलं ते असं: सगळी खाती, सगळी कर्जं तिच्या समोर, दर महिन्याला, न मागता. आणि उसने देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला स्वतः भेटून खरं सांगायचं. पाळकसाहेब एका घरी सोबत गेले. बाकीच्या घरी हे गृहस्थ एकटेच गेले. एका कुटुंबाने त्यांना आत बसवून घेतलं. एकाने दारातूनच परत पाठवलं.

त्या नकारानंतर ते पुन्हा खचले. योहान मार्काची हकिकत मी तेव्हा काढली, कारण येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची त्यांना पाठ होती आणि पेत्राला फार लवकर परत घेतलं गेलं असं त्यांना वाटायचं. मार्क पौल आणि बर्णबा यांच्यासोबतच्या पहिल्या सुवार्ताफेरीतून पंफुल्यातूनच माघारी फिरला. पुढच्या फेरीला पौलाने त्याला न्यायला साफ नकार दिला. त्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. पुढे कित्येक वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं याबद्दल शास्त्र जवळजवळ गप्प आहे. एवढं कळतं की पौलाचा नकार हा मार्काबद्दलचा देवाचा शेवटचा शब्द नव्हता आणि त्या काळात कुणीतरी त्याच्यासोबत होतं.

प्रार्थनेचं गाडं मात्र अडलेलंच होतं. "तोंड उघडलं की वाटतं, पुन्हा स्वतःलाच फसवतोय." मी म्हटलं, स्वतःचे शब्द नकोत, स्तोत्र 13 वाचा. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा ‘कोठवर’ आहे. त्याने भागलं नाही तर 88 वाचा. ते अंधारातच संपतं आणि तरी प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवलेलं आहे. पुढे कितीतरी दिवस ते एवढंच वाचत होते.

मग एका नोकरीची संधी आली, आणि जुना प्रश्न उभा राहिला: ही देवाची इच्छा आहे का? त्यांना चिन्ह हवं होतं. आम्ही प्रेषितांची कृत्ये 16 वाचलं. पौलाला आशियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमी प्रांतात, जायचं होतं, वाट बंद. बिथुनियाकडे वळला, तीही बंद. मग त्रोवसला दृष्टान्त, मासेदोनियाला या. एवढं स्पष्ट बोलावणं, आणि फिलिप्पैत पोहोचल्यावर फटके आणि तुरुंग. बोलावणं खरं असलं म्हणजे शेवट आपल्या मनासारखा होईल, ही हमी पौलालाही नव्हती. त्यामुळे चिन्हांऐवजी आम्ही साधे प्रश्न घेतले. काम प्रामाणिक आहे का? पगारातून हप्ते भागतील का? पत्नीला काय वाटतं? तिचं मत त्यांनी यावेळी पहिल्यांदा, आधी विचारलं.

नोकरी त्यांनी घेतली. पहिल्यापेक्षा पद खालचं आहे. कर्ज अजून फिटतं आहे, आणि त्या एका कुटुंबाशी बोलणं अजून बंदच आहे. रक्कम मात्र दर महिन्याला त्यांच्या खात्यात जाते. प्रभुभोजन घेताहेत. मध्यंतरी मंडळीत त्यांना साक्ष द्यायला सुचवलं गेलं, तेव्हा त्यांनी आधी पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "इतक्यात नको." त्यांनी तसं पाळकसाहेबांना कळवलं.